वेळापूर : एका तुकडीचे गाव

पुण्याहून पंढरपूरकडे निघालेला पालखी मार्ग माळशिरस ओलांडून पुढे सरकला, की दोन्ही बाजूंना उसाचे फड सुरू होतात. खुडूस फाटा मागे पडतो. जमीन हळूहळू चढत जाते आणि एका उंचवट्यावर येऊन थांबते. पलीकडे उतार आहे आणि त्या उताराच्या पुढे सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव आहे. मोटारीने जाणाऱ्या प्रवाशाला हा चढ जाणवतही नाही. वारकऱ्याला मात्र तो वर्षभर आठवत असतो. संत तुकाराम महाराजांना पंढरीचा कळस पहिल्यांदा येथून दिसला आणि ते तेथून धावत सुटले, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. म्हणून आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी या ठिकाणी आली, की पंधरा-सोळा दिवस चालून थकलेली माणसे उतारावरून धावू लागतात. याला ‘धावा’ म्हणतात. त्या रात्री पालखीचा मुक्काम वेळापुरात असतो. दुसऱ्या दिवशी ती ठाकूरबुवांच्या समाधीवरून, तोंडले-बोंडलेमार्गे भंडीशेगावकडे निघते.

एका दिवसाचे हे वैभव सरले, की वेळापूर पुन्हा आपल्या नेहमीच्या कामाला लागते. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने या तालुक्याचे रूप पालटले. जेथे बाजरी आणि हुलगा पिकत असे, तेथे ऊस उभा राहिला. १९३२ साली सासवडच्या माळी बागायतदारांनी जवळच माळीनगरचा साखर कारखाना काढला. पुढे अकलूजच्या परिसरात सहकारी कारखानदारी वाढली. दिवाळीनंतर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग रस्त्याला लागते. फडाच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात आणि चैत्राच्या आधी त्या जशा आल्या तशा निघून जातात. गावाचे वर्ष असे आषाढ आणि गळीत हंगाम या दोन खुणांनी मोजले जाते.

गावाची तिसरी खूण मात्र हलत नाही. ती म्हणजे अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन मंदिर. चुन्याशिवाय रचलेले काळे दगड, समोर पायऱ्या उतरत जाणारे पाण्याचे कुंड, आवारात मांडून ठेवलेल्या जुन्या मूर्ती आणि वीरगळ. चैत्रात येथे देवाची यात्रा भरते. देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादव याच्या काळातील मराठी शिलालेख वेळापुरात आहेत, ही गोष्ट अभ्यासकांना ठाऊक आहे. श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींच्या चरणांशी कोरलेली मराठी अक्षरे ज्या यात्रेकरूंनी भक्तीने पाहिली असतील, त्यांना वेळापूरच्या दगडावरील अक्षरे पाहताना त्याच भाषेचे पुढचे पाऊल पाहिल्यासारखे वाटेल. ज्या गावात सातशे वर्षांपूर्वी कोणीतरी मराठी कोरून ठेवली, त्या गावात ती लिहायला शिकण्यासाठी मात्र सामान्य घरातील मुलांना विसाव्या शतकापर्यंत वाट पाहावी लागली.

ही वाट ज्यांनी मोकळी केली, त्यांत कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव जैन वाचकाला विशेष जवळचे आहे. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत जेवू घातले आणि ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग दाखवला. वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही दिले. सोलापूर शहरात पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थेच्या रूपाने मुलींच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. अशा माणसांच्या कामामुळे शिक्षणाची हवा तयार झाली आणि लहान गावांतूनही हायस्कुले उभी राहिली. वेळापुरातील शाळेची घंटाही त्याच हवेत वाजू लागली.

त्या घंटेला धावत येणाऱ्या अनेक तुकड्यांपैकी एक तुकडी मार्च १९९५ मध्ये शालान्त परीक्षेला बसली. तिचे वैशिष्ट्य सांगावे असे कागदोपत्री काही नाही. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत तिच्यातील कोणाचे नाव आले नाही. जून १९८९ मध्ये ही मुले पाचवीत आली. कोणी गावठाणातील, कोणी कालव्याकाठच्या वस्त्यांवरील. शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची मुले होती. लोहार, शिंपी, मुलाणी यांची होती. बाजारपेठेतील दोन जैन दुकानदारांची मुलेही होती. गुजरातेतून कित्येक पिढ्यांपूर्वी येऊन फलटण, नातेपुते, अकलूज, सोलापूर या पट्ट्यात स्थायिक झालेल्या हुमड जैन घराण्यांपैकी ही घरे. वर्गात त्यांच्या मराठीत आणि इतरांच्या मराठीत काहीच फरक नव्हता. फरक फक्त सहलीच्या वेळी दिसे. सातवीची सहल दहिगावच्या महावीर मंदिराला आणि शिखर शिंगणापूरला गेली, तेव्हा सूर्य कलू लागला तसे वर्गशिक्षकांनी गाडी रस्त्याकडेला थांबवली. “त्या दोघांचे जेवण दिवस आहे तोवर व्हायला हवे, मग सगळ्यांनीच आत्ता डबे सोडा,” असे ते म्हणाले. त्या दिवशी संपूर्ण वर्ग सूर्यास्ताआधी जेवला. शेंगदाण्याची चटणी, भाकरी, दशमी आणि दुकानदाराच्या घरचा खाकरा एकमेकांच्या डब्यांत फिरत राहिला.

शाळेतील वर्षांची या मुलांची आठवण वर्गापेक्षा गावाशी अधिक बांधलेली आहे. आषाढात शाळेच्या खोल्या दिंड्यांना उतरण्यासाठी दिल्या जात. बाके भिंतीशी रचली जात. पाचवी-सहावीच्या मुलांकडे पिण्याचे पाणी, तर मोठ्या मुलांकडे दिंडी गेल्यावर खोल्या झाडण्याचे काम असे. झाडताना कधी एखादी टाळाची दोरी, कधी बुक्क्याची पुडी सापडे. फळ्यावर कोणा वारकऱ्याने आपल्या गावाचे नाव लिहून ठेवलेले असे, आणि गुरुजी ते पुसण्याआधी भूगोलाच्या नकाशात शोधायला लावत. परभणी, वाशीम, बेळगाव. मुलांना महाराष्ट्राचा आणि सीमाभागाचा भूगोल असा फळ्यावरून कळला.

नववीत असताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून गाव झोपले होते. भांडी वाजली, कौले हलली आणि माणसे अंगणात आली. सकाळी रेडिओवर किल्लारीचे नाव ऐकू आले. त्या आठवड्यात या वर्गातील मुलांनी घरोघर फिरून ज्वारी, चादरी आणि भांडी गोळा केली. प्रत्येकाने आपल्या आळीचा हिशेब वहीत लिहिला. ती वही ज्या मुलीच्या अक्षरात होती, ती मुलींच्या हजेरीत अकराव्या क्रमांकावर होती. तिचे अक्षर वर्गात सर्वांत चांगले होते. गणितातही ती पहिल्या तिघांत असे. गाडीत भरलेल्या ज्वारीचा आकडा वहीशी जुळला, तेव्हा मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी ती वही सर्व शाळेला दाखवली.

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, तेव्हा अकरा क्रमांकाला ‘हजर’ असे उत्तर आले नाही. तिची वस्ती गावापासून लांब, उंचवट्याच्या बाजूला होती. संध्याकाळची एसटी कधी येई, कधी येत नसे. फड उंच वाढलेले असत आणि अंधार लवकर पडे. आठ-दहा दिवस हजेरी घेताना तो क्रमांक उच्चारला गेला. मग उच्चारणे बंद झाले. मुलांनी आपसांत तर्क केला, की ती मामाच्या गावी शिकायला गेली असेल. बाक पुढे सरकले, जागा भरून गेली.

मार्च १९९५ मध्ये उरलेली मुले परीक्षेला बसली. निकालानंतर प्रत्येक जण आपापल्या वाटेने गेला. कोणी अकलूजला पुढे शिकले, कोणी पुण्यात कारखान्यात लागले. एक जण सैन्यात गेला, दोघी शिक्षिका झाल्या, एक परिचारिका झाली. दुकानदाराचा मुलगा दुकानातच राहिला. बरेच जण शेतीत राहिले. पुढे १९९६-९७ या शैक्षणिक वर्षात राज्य शासनाने ग्रामीण भागातील मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना सुरू केली. वेळापूरच्या स्थानकावर निळ्या-पांढऱ्या गणवेशातील मुली पास दाखवून गाडीत चढू लागल्या. १९९५ च्या तुकडीतील मुलींना तो पास दोन वर्षांनी चुकला.

पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यावर भेटायचे, असे मोबाइलवर एकमेकांना शोधून काढल्यावर ठरले. साल आले २०२०. मेळावा टळला. त्या आषाढात तर वेळापूरकरांनी न पाहिलेली गोष्ट पाहिली. पालखी पायी आलीच नाही. ३० जूनला माउलींच्या पादुका एसटी बसने थेट पंढरपूरला गेल्या. उंचवट्यावर धावा झाला नाही, शाळेच्या खोल्यांत दिंडी उतरली नाही. पुढच्या वर्षीही तसेच झाले. २०२२ मध्ये वारी पुन्हा पायी निघाली. त्याच वर्षीच्या दिवाळीत ही तुकडी अखेर शाळेच्या पटांगणात जमली.

प्रथम एकमेकांना काय म्हणावे, हेच कोणाला सुचेना. ज्यांना ‘अरे’ आणि ‘अगं’ म्हणत वेणी ओढली होती, त्यांच्या शेजारी आता सुना आणि जावई उभे होते. म्हणून ‘तुम्ही’ आणि ‘ताई’ सुरू झाले. चहा होईपर्यंत ते गळून पडले. चौपदरी झालेल्या रस्त्याने गावाची जुनी वेस आणि वडाची झाडे नेली, याची हळहळ झाली. शाळेची नवी इमारत पाहून झाली. जुन्या इमारतीतील एक खोली अजून उभी होती. तेथेच सर्वांना बसवले गेले. ऐंशीच्या घरात पोहोचलेले वर्गशिक्षक काठी टेकत आले आणि खुर्चीवर बसताच म्हणाले, “आधी हजेरी.”

शाळेच्या दफ्तरातून मिळालेला पट त्यांच्या पुढ्यात होता. आयोजकांनी दहावीचा पट मागितला होता. कपाटातून पाचवीचाही निघाला. सरांनी तोच घेतला. “तुम्ही आलात ते पाचवीत. हजेरी तिथून,” ते म्हणाले. मुलांची नावे झाली. काही ‘हजर सर’ मोठ्याने आले, काही भरल्या गळ्याने. दोन नावांना उत्तर आले नाही. एक अपघातात गेला होता, एक करोनात. वर्ग उभा राहिला आणि बसला. मग मुलींची यादी सुरू झाली. अकराव्या नावावर सर थांबले. त्यांना कोणी सांगितले नव्हते. मागच्या भिंतीजवळून आवाज आला, “हजर.”

दुकानदाराच्या मुलाने तिला शोधून आणले होते. ती फार लांब गेलीच नव्हती. सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले होते. कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय १९७८ पासूनच अठरा होते. सासर पलीकडच्या गावी होते, आणि दर महिन्याचा किराणा ती याच पेठेतून नेत असे. इतकी वर्षे तो तिला ‘वहिनी’ म्हणून माल देत होता. आमंत्रण द्यायला गेला, तेव्हा ती म्हणाली होती, “मी दहावी झालेच नाही. मग माझी तुकडी कोणती?” त्याला उत्तर देता आले नाही. तो एवढेच म्हणाला, “तू ये. बाकीचं सर बघतील.”

हजेरी झाल्यावर भाषणे झाली. शाळेला काय भेट द्यावी, यावर चर्चा सुरू झाली. कोणी प्रवेशद्वाराची कमान सुचवली, तिच्यावर तुकडीचे नाव आणि वर्ष कोरावे. कोणी जलशुद्धीकरण यंत्र, कोणी ध्वनिक्षेपक म्हणाले. बराच वेळ ती ऐकत होती. तिला विचारल्यावर ती उभी राहिली आणि सावकाश बोलली.

“कमान चांगली दिसंल. पण माझं मनातलं सांगते. शाळा सुटली, त्या वर्षी मी रोज वाट बघायचे. वाटायचं, शाळेतलं कुणीतरी घरी येईल. दादा गुरुजींना लई मानायचे. कुणी येऊन एकदा नुसतं विचारलं असतं, की पोरगी का येत नाही, तर त्यांनी ऐकलं असतं. कदाचित नसतंही ऐकलं. पण कुणी आलंच नाही.”

खोलीत कोणी हलले नाही. सरांनी समोरचा पट बाजूला केला. दहावीच्या पटाखाली नववीचा होता. तो त्यांनी उघडला. नोव्हेंबर १९९३ च्या पानावर अकराव्या ओळीत ओळीने गैरहजेरीच्या खुणा होत्या आणि त्यानंतर नावावर लाल शाईची आडवी रेघ. “ही रेघ माझी,” ते म्हणाले. “नियमाप्रमाणे नाव कमी केलं. माझं काम झालं, असं त्या वेळी मला वाटलं. पोरी, चूक झाली. मला क्षमा कर.” त्यांनी हात जोडले. ती पुढे आली आणि त्यांचे जोडलेले हात आपल्या हातांत धरून उभी राहिली. बोलली मात्र काही नाही. शेजारी बसलेल्या दुकानदाराच्या मुलाने मान खाली घातली. दर संवत्सरीला जोडलेल्या हातांनी क्षमा मागण्याचा संस्कार त्याच्या घरात होता. वर्गातल्या अकरा क्रमांकाची क्षमा मागावी, हे त्याला तीस वर्षे सुचले नव्हते.

मग पटावरील इतर कमी केलेली नावे पाहिली गेली. पाचवीत आलेल्यांपैकी सतरा जणांची नावे दहावीपर्यंत पोहोचली नव्हती, आणि त्यांपैकी बारा मुली होत्या. या सतरांपैकी मेळाव्याला बोलावले गेले होते फक्त एकीला.

कमानीचा विषय पुन्हा निघाला नाही. संध्याकाळपर्यंत ठरले ते साधेच होते. गावात आणि वस्त्यांवर राहणाऱ्या वर्गमित्रांनी वस्त्या वाटून घ्यायच्या. शाळेने आठ दिवस गैरहजर असलेल्या मुलामुलींची नावे कळवायची. नाव आले, की त्या वस्तीच्या माणसाने किंवा बाईने घरी जाऊन विचारायचे. उपदेश करायचा नाही, नुसते विचारायचे. सायकल हवी असेल, फी अडली असेल, कोणी घरी आजारी असेल, तर बाहेरगावच्या मित्रांनी तो भार उचलायचा. शाळेने हे मान्य केले. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवरील मुलेही या यादीत धरावीत, असा आग्रह दोघी शिक्षिकांनी धरला. ती मुले सहा महिन्यांनी निघून जातात, मग त्यांच्यासाठी काय करायचे, असे कोणीतरी म्हटले. “सहा महिने तर विचारू,” त्या म्हणाल्या. सूर्य मावळायच्या आत पंगत बसली. सातवीच्या सहलीची आठवण कोणीतरी काढली आणि जेवण झाल्यावरच दिवे लागले.

पहिल्या वर्षी किती घरी माणसे गेली, किती मुले परत आली, याचा गाजावाजा तुकडीने केला नाही. सगळी परत आली नाहीत. एका घरी दार उघडले गेले नाही. एका मुलीच्या वडिलांनी मात्र दुसऱ्या दिवशी तिला स्वतः मोटारसायकलवरून आणून शाळेत सोडले. त्यांच्या घरी विचारायला गेली होती, ती अकरा क्रमांकच होती. उंचवट्याकडच्या वस्त्या तिने आपल्याकडे घेतल्या होत्या. माहेर त्याच वाटेवर असल्याने तिला त्या घरांची ओळख होती आणि अंधार पडल्यावर त्या वाटेने चालणे कसे वाटते, हेही तिला कोणी सांगावे लागत नव्हते.

पुढच्या पावसाळ्यात तिने शाळेच्या कार्यालयात येऊन आपला शाळा सोडल्याचा दाखला मागितला. खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्यासाठी १७ नंबरचा अर्ज भरावा लागतो आणि त्याला हा दाखला जोडावा लागतो. लिपिकाने जुने रजिस्टर काढून दाखला लिहिला. प्रगती : चांगली. वर्तणूक : चांगली. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात जुन्या नोंदीप्रमाणे ‘सतत गैरहजर’ असे शब्द होते. तिने ते दोनदा वाचले. “हे कारण नव्हतं,” ती म्हणाली. लिपिक म्हणाला, नोंद बदलता येत नाही. “नका बदलू. खाली तारीख तेवढी नीट घाला.”

दाखला पिशवीत ठेवून ती बाहेर आली, तेव्हा पटांगणात बाके उन्हात मांडलेली होती. पालखी नुकतीच पुढे गेली होती आणि मोठ्या वर्गातील मुले खोल्या झाडत होती. एका फळ्यावर कोणा वारकऱ्याने आपल्या गावाचे नाव लिहिलेले होते. एक मुलगी ते पुसायला डस्टर घेऊन उभी होती. तिने आधी ते नाव मोठ्याने वाचले आणि नकाशाकडे वळली.